रमाबाई नगर : झोपड्या मोजल्या, माणसे कोण मोजणार?

घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगर आणि शेजारच्या कामराज नगरचा पुनर्विकास सुरू झाला आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून हा प्रकल्प राबवत आहेत. सुमारे ३२ हेक्टर जागा आणि सुमारे १७ हजार कुटुंबे, असा त्याचा आकार सांगितला जातो. पहिल्या टप्प्यातल्या कुटुंबांनी भाड्याचे धनादेश घेऊन घरे रिकामी केली. बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहत आहेत.

याच काळात देशाची जनगणना होत आहे. घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच या मोजणीत सर्वांची जात नोंदवली जाणार आहे.

वर्तमानपत्रात या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर येतात. रमाबाई नगरात मात्र त्या एकाच दारावर आल्या आहेत. ज्या वर्षी सरकार माणसे मोजणार, त्याच वर्षी मुंबईतली बौद्धांची एक मोठी वस्ती जागेवर नसणार. याचे परिणाम पुढची दहा-पंधरा वर्षे भोगावे लागतील आणि आपल्या चळवळीत त्याची चर्चा जवळजवळ नाही. म्हणून हा लेख.

एका नावाची दोन घाटकोपर

घाटकोपर म्हटले की बाहेरच्या माणसाला काय आठवते? गुजराती-जैन वस्ती, खाऊगल्ली, सोने-कपड्याची दुकाने, गरोडिया नगरच्या इमारती, २०१४ पासून वर्सोव्याला जाणारी मेट्रो आणि स्टेशनवरची जीवघेणी गर्दी. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. पश्चिमेला भटवाडी, असल्फा, रामजी नगर अशा डोंगरउतारावरच्या वस्त्या आहेत. पूर्वेला पंतनगरच्या म्हाडा वसाहतीपलीकडे, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून, रमाबाई नगर आणि कामराज नगर आहे.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातला सर्वांत श्रीमंत उमेदवार घाटकोपर पूर्व मतदारसंघातून उभा होता. प्रतिज्ञापत्रात त्याने ३,३०० कोटींहून अधिक मालमत्ता जाहीर केली होती. त्याच घाटकोपर पूर्वेत, महामार्गाकडेला, दहा बाय पंधराच्या खोलीत दोन-दोन संसार राहतात. सरासरी काढली तर घाटकोपर सुखवस्तू उपनगर दिसेल. समाजशास्त्र शिकताना आम्हाला पहिल्या वर्षीच सांगितले होते की सरासरी हा विषमता झाकण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. घाटकोपर हे त्याचे जिवंत उदाहरण.

थोडा हिशेब करू. १७ हजार कुटुंबांत सरासरी चारच माणसे धरली, तरी ६८ हजार लोक होतात. ते ३२ हेक्टरवर, म्हणजे चौरस किलोमीटरच्या एक तृतीयांशापेक्षा कमी जागेत राहतात. चौरस किलोमीटरमागे हा आकडा दोन लाखांवर जातो. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची घनता सुमारे २१ हजार होती. म्हणजे या वस्तीत जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा दहा पट दाटी आहे.

ही वस्ती कोणाची?

मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, पश्चिम महाराष्ट्र अशा सगळीकडून आलेली माणसे इथे आहेत. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली कुटुंबे मुंबईच्या ज्या वस्त्यांत विसावली, त्या पिढीची ही वस्ती. पहिल्या पिढीने नाका कामगार, सफाई कामगार, घरकाम, हमाली अशी मिळतील ती कामे केली. दुसऱ्या पिढीत रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, शिपाई, नर्स, शिक्षक आले. तिसरी पिढी बँकेत, कॉल सेंटरमध्ये, वकिलीत आहे आणि डिलिव्हरीच्या बॅगा पाठीवर घेऊन रस्त्यावरही आहे. शिक्षणाने किती पुढे नेले आणि नोकरीच्या बाजाराने कुठे अडवले, दोन्ही एकाच गल्लीत दिसते.

शेजारचे कामराज नगर आपल्या नावातच आपला इतिहास सांगते. मद्रासचे मुख्यमंत्री राहिलेल्या के. कामराज यांचे हे नाव, दक्षिणेतून आलेल्या कष्टकऱ्यांची खूण. तमिळ, मुस्लिम, उत्तर भारतीय कुटुंबे आणि बौद्ध कुटुंबे इथे एका नळावर पाणी भरत आली. त्यामुळे या वस्तीचा प्रश्न बौद्धांचा आहेच, पण फक्त बौद्धांचा नाही.

जाती-धर्माचे आकडे शासन वस्तीनिहाय छापत नाही. देशपातळीवरचे आकडे मात्र बोलके आहेत. २०११ मध्ये भारतात ८४.४३ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यातले ६५.३१ लाख, म्हणजे चारांतले तीनहून अधिक, महाराष्ट्रातले. देशाचा साक्षरतेचा दर ७२.९८ टक्के असताना बौद्धांचा ८१.२९ टक्के होता. हजार पुरुषांमागे देशात ९४३ स्त्रिया, बौद्धांत ९६५. धम्मक्रांतीने काय दिले, असे विचारणाऱ्यांना हे आकडे दाखवता येतात, कारण तेव्हा कोणीतरी दारावर येऊन आपल्याला मोजले आणि आपण 'बौद्ध' असे ठामपणे सांगितले. मोजणी हुकली तर हा पुरावाही हुकतो.

११ जुलै १९९७ नंतर

या वस्तीचे नाव देशाला कळले ते एका गोळीबाराने. ११ जुलै १९९७ च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० माणसे गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले आयुष्य संपवले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. आदेश देणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकाला २००९ मध्ये जन्मठेप झाली आणि पुढे उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ चा माहितीपट या घटनेपासूनच सुरू होतो.

हा इतिहास वाचकांना माहीत आहे. इथे तो मांडण्याचे कारण वेगळे आहे. त्या दिवशी लोक काही मिनिटांत रस्त्यावर आले, कारण ते एकत्र राहत होते. पुढे न्यायालयात साक्षी देण्यासाठी माणसे उभी राहिली, कारण साक्षीदार, त्यांचे शेजारी, त्यांना धीर देणारे कार्यकर्ते एकाच वस्तीत होते. दरवर्षी ११ जुलैला स्मारकापाशी अभिवादन होते, तेही त्यामुळेच. बौद्ध समाजाची ताकद विहारात आहे, जयंती मंडळात आहे, महिला मंडळाच्या वर्षावासातल्या ग्रंथवाचनात आहे. या सगळ्याचा पाया जवळजवळ राहणे हा आहे. आता तोच हलतो आहे.

झोपडी एक, कुटुंबे किती?

आम्ही हे स्पष्ट सांगतो की पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. पन्नास वर्षे सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला स्वतःच्या न्हाणीघराचे दार लावता येणार असेल, तर तिला 'वस्तीची संस्कृती' टिकवायला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न आहे तो मोजणीच्या पद्धतीचा.

झोपु योजनेत मोजली जाते ती झोपडी. परिशिष्ट-२ मध्ये नाव आले तर माणूस पात्र, नाही तर अपात्र. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत. २००० ते २०११ मधला असेल तर अडीच लाख रुपये भरून. त्यानंतर आलेला माणूस हिशेबातच नाही. वरच्या मजल्यावर राहणारे कुटुंब पात्र धरले जात नाही. एकाच झोपडीत तीन भावांचे तीन संसार असतील, तर मिळणार ३०० चौरस फुटांचे एकच घर. भाडेकरूचे नाव यादीत सहसा नसते.

आता या नियमांत कोण बसत नाही ते पाहा. लग्न होऊन पोटमाळ्यावर संसार मांडलेला धाकटा मुलगा बसत नाही. नवऱ्याने सोडलेली आणि माहेरी परतलेली मुलगी बसत नाही. २०१२ नंतर दुष्काळी तालुक्यातून आलेले कुटुंब बसत नाही. फोटोपास नवऱ्याच्या नावाने आणि नवरा गेलेला, अशी विधवा वर्षभर कागद घेऊन फिरते. हे लोक त्या १७ हजारांत आहेत की नाहीत, असे विचारले तर उत्तर सरळ मिळत नाही. प्रकल्पाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाहीत.

यात रस्त्याचाही भाग आहे. ईस्टर्न फ्रीवे छेडा नगरपासून ठाण्यापर्यंत वाढवण्याचे काम हाती घेतले आहे आणि त्याची आखणी याच पट्ट्यातून जाते. म्हणून पहिल्यांदा कोणाला हलवायचे, हे ठरवताना वस्तीच्या गरजेइतकेच रस्त्याचे वेळापत्रकही मोजले जाते. रस्त्याला मुदत असते. परत येण्याच्या मुदतीबद्दल अनुभव काय सांगतो? वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. तिथेही आपलाच समाज मोठ्या संख्येने आहे. आठ वर्षांत पहिलीतला मुलगा नववीत जातो.

जनगणनेत काय होईल?

जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या जागी मोजते. भाड्याने गेलेले कुटुंब जिथे राहत असेल तिथेच मोजले जाईल. घाटकोपरला भाडे परवडत नाही म्हणून माणसे दिवा, मुंब्रा, कळवा, आंबिवली, टिटवाळा अशी लांब जातात. ही ठिकाणे मुंबई महापालिकेच्या हद्दीत नाहीत. म्हणजे ही माणसे नुसती प्रभागातूनच नाही, तर मुंबईच्या आकड्यातूनही बाहेर जातील.

बिघडते कुठे? महापालिकेत अनुसूचित जातींसाठी किती जागा राखीव ठेवायच्या, हे शहरातल्या त्यांच्या लोकसंख्येवर ठरते. कोणते प्रभाग राखीव, तेही अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने ठरते. जानेवारी २०२६ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत २२७ पैकी १५ प्रभाग अनुसूचित जातींसाठी राखीव होते, आणि आधार होता २०११ चा. पंधरा वर्षांपूर्वीची मोजणी आजचा नगरसेवक ठरवत होती! तेव्हा २०२७ मध्ये जो आकडा छापला जाईल, तोही सहज दहा-पंधरा वर्षे चालेल. विधानसभा आणि लोकसभेचे मतदारसंघ पुन्हा आखले जातील, तेव्हाही हेच आकडे समोर असतील. दलित वस्ती सुधारणेचा निधीही लोकसंख्येच्या आकड्यांवरच मागता येतो.

समजा लोक २०३० च्या पुढे नव्या इमारतींत परत आले. माणसे परत येतील, पण कागदावर तो भाग तेव्हाही रिकामाच दिसेल. दिवा-टिटवाळ्यात त्यांची नोंद झालेली असेल, पण इतकी विखुरलेली की तिथला एकही प्रभाग त्यामुळे राखीव होणार नाही. म्हणजे इथून वजा आणि तिथे मिळकत शून्य.

कोणी म्हणेल, एका वस्तीने शहराचा आकडा किती हलणार? एका वस्तीने फार नाही. पण रमाबाई नगर एकटे नाही. धारावीत पुनर्विकासाचे सर्वेक्षण झाले आहे, बीडीडी चाळींत काम चालू आहे, शहरभर झोपु योजना अर्धवट पडल्या आहेत. २०११ मध्ये बृहन्मुंबईतले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. अनुसूचित जातींचा मोठा भाग त्याच ४२ टक्क्यांत आहे आणि तोच सगळ्यात जास्त हलवला जातो आहे.

धर्म बौद्ध, मग जात?

दुसरी गळती आपल्या हातून होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५.३१ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यातले अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे ५२ लाख. उरलेले सुमारे १३ लाख कुठे गेले? काही मुळातच अनुसूचित जातीबाहेरचे असतील. पण बऱ्याच जणांनी धर्म बौद्ध सांगितला आणि जात सांगितली नाही, किंवा जातीच्या जागीही 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' सांगितले, हे वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अनुसूचित जातींच्या अधिकृत यादीत 'बौद्ध' ही जात नाही. त्यामुळे ते नाव त्या मोजणीत धरले जात नाही.

ज्याने जात टाकण्यासाठी धम्म घेतला, त्याने पुन्हा जात का सांगायची, हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याची टिंगल करू नये. आमचे म्हणणे एवढेच आहे की धर्म ही आपली ओळख आहे आणि अनुसूचित जातीची नोंद हा आपल्यावर झालेल्या अन्यायाचा सरकारी पुरावा आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्रातल्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षांच्या लढ्याने मिळालेला हक्क प्रगणकासमोर दोन मिनिटांत सोडून द्यायचा का? धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात जातीच्या दाखल्यावर जी आहे ती, या दोन्ही नोंदी एकत्र चालतात. कायदाच तसे मानतो.

यावर घरोघरी चर्चा व्हावी. ऐनवेळी प्रगणक दारात असताना ती होणार नाही.

आपण काय करू शकतो?

सरकारकडे मागण्या आहेतच. स्थलांतरित कुटुंबांची यादी प्रकल्प यंत्रणेकडे आहे. ती जनगणना यंत्रणेला दिली जावी, म्हणजे नव्या पत्त्यावर कोणी सुटणार नाही. प्रभाग आरक्षण ठरवताना पुनर्विकासामुळे तात्पुरत्या हललेल्या लोकसंख्येचा विचार करण्याची तरतूद व्हावी. अपात्र ठरलेल्यांची संख्या आणि कारणे टप्प्यानुसार जाहीर व्हावीत. विहार, स्मारक, वाचनालय आणि बालवाडी यांच्या जागा नकाशावर आजच दाखवाव्यात. झोपु योजनेच्या नियमांत बालवाडी, कल्याण केंद्र, वाचनालय यांची तरतूद आहे. प्रश्न त्या तळमजल्यावर सगळ्यांना सोयीच्या ठिकाणी होतात की कोपऱ्यात, याचा आहे.

पण मागण्यांच्या भरवशावर थांबून चालणार नाही. पुढची कामे तरुणांनी स्वतः करण्यासारखी आहेत.

एक, प्रत्येक विहाराने वस्तीची नोंदवही करावी. त्यात झोपडी नव्हे, माणूस मोजावा. तळमजला, पोटमाळा, भाडेकरू, पात्र, अपात्र, सगळे त्यात यावेत. घर सोडण्यापूर्वी नवा पत्ता आणि फोन क्रमांक लिहून घ्यावा. ही माहिती माणसांच्या विश्वासाने मिळते, म्हणून ती कोणत्याही पक्षाच्या किंवा बिल्डरच्या हाती जाता कामा नये. वही कोणाकडे राहील, हे बैठकीत ठरवून लिहून ठेवावे.

दोन, जनगणनेच्या दोन टप्प्यांत काय विचारतात ते समजून घ्यावे. घरयादीत कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा आहे का, हे विचारले जाते. प्रत्येकाचा धर्म आणि जात दुसऱ्या टप्प्यात येते. स्वतः ऑनलाइन माहिती भरण्याची सोयही आहे. ज्या घरात स्मार्टफोन आहे पण फॉर्म भरायचा आत्मविश्वास नाही, तिथे आपल्या मुला-मुलींनी बसावे.

तीन, दिवा, टिटवाळा, मुंब्रा इथल्या विहारांशी संपर्क करावा. तिथे गेलेले कुटुंब तिथल्या उपासक-उपासिकांना माहीत असले पाहिजे. मुलांचा शाळेचा दाखला, आजींचे रेशन, मतदार यादीतले नाव, या तीन गोष्टी पहिल्या महिन्यात मार्गी लागल्या तर निम्मी पडझड टळते.

चार, अपात्र ठरलेल्यांना एकटे सोडू नये. अपिलाला मुदत असते आणि ती कागदाच्या शोधात निघून जाते. आपल्या समाजात वकिलांची कमतरता नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसणारे दोन वकील मिळाले, तर बराच फरक पडेल.

शेवटी एक गोष्ट. वस्तीचे नाव रमाईचे आहे. बाबासाहेब परदेशात शिकत असताना मुंबईच्या चाळीत संसार ओढणाऱ्या, मुलांचे मृत्यू सोसणाऱ्या या माउलीची नोंद त्या काळच्या कोणत्या सरकारी दप्तराने नीट ठेवली? ती समाजाने ठेवली, आणि वस्त्यांना तिचे नाव देऊन ठेवली. आज तिच्या नावाच्या वस्तीतली विधवा, परित्यक्ता, पोटमाळ्यावरची सून यादीबाहेर राहणार असेल, तर त्यांची नोंद ठेवणे हे आपले काम आहे. इमारती सरकार बांधेल, कदाचित वेळेवरही बांधेल. पण त्या उभ्या राहतील तेव्हा कोण कोण परत यायचे होते, हे सांगणारी वही आपल्याकडे असली पाहिजे.

येत्या रविवारी विहारातल्या वंदनेनंतर अर्धा तास थांबा आणि नोंदवही उघडा.

जय भीम! नमो बुद्धाय!